तांदळाच्या डब्यातला रिपोर्ट
‘स्वादुपिंडात गाठ म्हणजे कॅन्सरच, सुई लावली की तो पसरतो, सीए १९-९ (कॅन्सरचा अंदाज घेण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) वाढले की निकाल लागला, म्हणून तपासण्या सोडा, २१ दिवस काढा घ्या’ अशा आशयाचा मजकूर बेळगाव-निपाणीकडच्या मराठी गटांत फिरतो आहे आणि चिकोडीच्या नातेवाइकांकडून त्याचे कन्नड रूपही माझ्यापर्यंत आले. खानापूरच्या माझ्या आत्याने तो वाचून सोनोग्राफीचा रिपोर्ट तांदळाच्या डब्यात दडवला आणि सीटी स्कॅनची ठरलेली तारीख चुकवली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

पहिले विधानच खोटे आहे. सीरस सिस्टॲडेनोमा ही पातळ द्रवाच्या बारीक कप्प्यांची, स्कॅनमध्ये अनेकदा मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी साधी गाठ असते. अशा २,६२२ रुग्णांचा बहुराष्ट्रीय अभ्यास ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांत कॅन्सर निघाला तिघांना, गाठीमुळे दगावला एक आणि शस्त्रक्रियेनंतर दगावले १०. शस्त्रक्रियेचे मुख्य कारण होते निदानाची अनिश्चितता. म्हणजे गाठीपेक्षा शस्त्रक्रियेनेच जास्त माणसे गेली, आणि ती शस्त्रक्रिया बहुतेकदा होत होती गाठीविषयीच्या शंकेपोटी.

ती शंका फेडणारी तपासणीच टाळायला सांगणे हा या मजकुराचा खरा अपराध. एंडोस्कोपीच्या नळीतून, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून सुई घालून गाठीतला द्रव काढतात. त्यात सीईए नावाचे प्रथिन अगदी कमी आढळले तर सीरस गाठीकडे कल जातो, पुष्कळ आढळले तर म्युसिनस, म्हणजे चिकट द्रवाच्या गाठीकडे, आणि म्युसिनस गाठ पुढे कॅन्सरकडे वळू शकते. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या विरळ नोंदी आहेत, एवढे मान्य करावे लागते. पण म्हणूनच स्कॅनवर निदान स्पष्ट असेल तर डॉक्टर उगाच सुई लावत नाहीत.

सीए १९-९ पित्तनलिका तुंबून झालेल्या काविळीतही वाढते, आणि काहींच्या शरीरात ते तयारच होत नसल्याने कॅन्सर असूनही वाढत नाही. शिवाय ऑटोइम्यून पॅन्क्रिएटायटिस, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडावर हल्ला केल्याने येणारी सूज, कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते आणि स्टेरॉइडने उतरते. अर्थात कॅन्सर नाही याची खात्री केल्यावरच ते द्यायचे.

राहिला काढा. ‘२१ दिवसांत गाठ वाढायची थांबली’ अशी साक्ष त्या मजकुराखाली जोडली आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात वर्षाहून अधिक काळ नजरेखाली ठेवलेल्या सीरस गाठींपैकी निम्म्याहून अधिक काही न पिताच वाढल्या नव्हत्या.

आत्याचा रिपोर्ट परवा डब्यातून निघाला, घडीत तांदळाची कणी घेऊन. सोमवारी तिला स्कॅनला नेण्याचे काम मजकूर पाठवणाऱ्या माझ्या चुलतभावाकडेच दिले आहे.