सतीशराव, सनटूर शिमानोची नक्कल नाही

सतीशराव, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सायकलचे भाग बनवणारी जपानी कंपनी सनटूर म्हणजे शिमानोची स्वस्तातली नक्कल, जुने भाग विकणारे जपानी विक्रेते भंगार आपल्या गळ्यात मारतात, आणि तिकडून मागवायच्या भागांची यादी देताना मी कस्टमचा (आयात शुल्काचा) विषय टाळून वाचकांना खड्ड्यात घालतो. एकेक घेतो.

नकलेचं तर उलटंच आहे. तिरक्या चौकटीचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) सनटूरने आणला १९६४ साली. त्यात वरची चाकी फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) उताराला धरून सरकते, त्यामुळे लहान-मोठ्या कुठल्याही चकतीपासून तिचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. १९८४ मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी शिमानोच्या ड्युरा-एस ७४०० या गिअर-संचात तिरकी चौकट आली, जोडीला क्लिकवर पडणारे गिअर. (हा ७४०० चा डिरेलर स्वस्तात दिसला तरी सुटा घेऊ नका. त्याला ड्युरा-एसचाच शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) लागतो, दुसऱ्या शिमानोवर गिअर जागेवर बसत नाहीत.)

भंगाराचं म्हणाल, तर विक्रेत्याला ग्राहकांनी दिलेले तारे मी बघतच नाही. फोटो बघतो, नसेल तर मागून घेतो. ‘न वापरलेला’ म्हणून विकायला ठेवलेला क्रँक (पेडलचा दांडा) एकदा जरी एक्सलवर (मधल्या आसावर) चढला असेल, तरी चौकोनी भोकाच्या आतल्या भिंतींवर घासल्याच्या खुणा राहतात. चेनरिंगच्या (पुढच्या दातेरी चकतीच्या) दातांच्या बगलेचा मुलामा चेन लगेच खाते. कितीही पॉलिश मारा, या दोन जागा खोटं बोलत नाहीत. शिमानोच्या भागामागे दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, ‘ए’ म्हणजे १९७६, दुसरं महिन्याचं. ‘एचडी’ म्हणजे १९८३ चा एप्रिल. सव्वीस वर्षांनी अक्षरं पुन्हा ‘ए’पासून सुरू होतात, तेव्हा मॉडेलशी ताडून घ्या.

लोकांचे पैसे खरे बुडतात ते जोडी न जमल्यामुळे. जपानी आणि इटलीच्या कॅम्पॅग्नोलो कंपनीच्या चौकोनी एक्सलचा उतार सारखाच, पण टोकाची जाडी वेगळी. अदलाबदल केली की क्रँक साधारण साडेचार मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो, चेनची सरळ रेषा गेली. अशा वेळी दोष विक्रेत्याला देऊन काय उपयोग?

कस्टमचा विषय काढलात ते बरं झालं. वापरलेला माल भारतात आणायला परवाना लागतो, म्हणूनच माझ्या यादीत डब्यात पडून राहिलेला कोरा मालच असतो. शुल्क टपालखर्च धरून लागतं. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. डिसेंबर २०१९ पासून, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर, ती सवलत बंद आहे.

राहता राहिलं तुम्ही शेवटी विचारलेलं सनटूरचं फ्रीव्हील. त्याला खाचा दोन आहेत की चार, ते आधी बघा. दोन्हींचे पुलर (फ्रीव्हील सोडवायचं हत्यार) वेगळे, आणि चुकीचा लावून जोर दिलात तर खाचाच उडतील.