"दहाच्या आत मजूर, तर भरपाई नाही" हे साफ खोटं आहे

गुत्तेदारांच्या आणि मिस्त्र्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठल्याही ग्रुपात बघा, कोणीतरी तो पुढे पाठवलेला असतोच. मजकूर थोडक्यात असा: "साइटवर दहाच्या आत मजूर असतील तर कायदा लागत नाही. रोजंदारीचा माणूस आपला कामगार नसतो. पिऊन आला असेल तर विषयच संपला. तरी पण घरच्यांना काही रक्कम द्या आणि बाँडवर सही घ्या, मग कोणी काही करू शकत नाही. शेवटी कामगार कल्याण मंडळाचे 5 लाख त्यांना मिळतातच."

असाच एक बाँड माझ्या घरात लिहिला गेलाय. 2023 च्या उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ स्लॅबच्या कामावर लिफ्टजवळून खाली पडला आणि गेला. वय 31. तेराव्याच्या दिवशी गुत्तेदार दोन माणसं घेऊन आला, 70 हजार ठेवले आणि वहिनीचा अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा मलाही वाटलं होतं की एवढंच मिळत असतं. म्हणून हे लिहितोय.

आधी दहाचा आकडा. तो हवेतून आलेला नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा आहे, त्यात दहा किंवा जास्त मजुरांची अट आहे आणि स्वतःच्या राहत्या घराचं 10 लाखांपर्यंतचं काम वगळलेलं आहे. तो कायदा नोंदणी, साइटवरची सुरक्षितता आणि कल्याण मंडळ यांच्याबद्दल आहे. अपघाताची भरपाई वेगळ्या कायद्यात येते, 1923 च्या. त्याला आधी 'कामगार भरपाई' म्हणत, 2010 पासून 'कर्मचारी भरपाई' म्हणतात. त्यात बांधकामावर मजूर किती, हा प्रश्नच नाही. एक मिस्त्री आणि एक बिगारी असला तरी भरपाई लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून भरपाई आणि कल्याण मंडळ हे दोन्ही विषय सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात गेले. तिथेही दहाची अट बांधकाम कामगारांच्या प्रकरणात आहे, राहत्या घराची मर्यादा 50 लाखांवर गेली आहे, आणि भरपाईचं प्रकरण वेगळंच ठेवलं आहे. एका कायद्यातली सूट उचलून दुसऱ्याला चिकटवली, एवढाच या मेसेजचा आधार.

भरपाईच्या कायद्यातली खरी अट आहे ती उंचीची, आणि ती या मेसेजमध्ये नाहीच. इमारत एकापेक्षा जास्त मजल्यांची असावी किंवा तशी योजलेली असावी, नाहीतर जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत 12 फूट किंवा जास्त असावी. ऐकायला ही मोठी पळवाट वाटते. आता आपल्याकडचं साधं घर मोजा. दोन-अडीच फुटांचं जोतं, त्यावर दहा फुटांची खोली, वर स्लॅबची जाडी. बारा फूट तिथेच भरले. शिवाय स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया चार-चार फूट सोडलेल्या असतात, पुढेमागे वरचा मजला चढवायला. इमारत एकाहून जास्त मजल्यांची योजली होती, हे दाखवायला त्या सळयांचा फोटो कामाला येतो. विहिरीचं म्हणाल तर 12 फुटांपेक्षा खोल किंवा सुरुंग लावून केलेलं खोदकामही यादीत आहे. आपल्या भागात बारा फुटांत पाणी लागणारी विहीर मला दाखवा.

रोजंदारीचा मुद्दा तर 2000 सालीच निकालात निघाला. त्याआधी नैमित्तिक मजुराला काही बाबतीत बाहेर ठेवणारे शब्द कायद्यात होते, ते त्या वर्षीच्या दुरुस्तीने काढून टाकले. उक्तं काम घेणाऱ्या मिस्त्रीबद्दल वाद होऊ शकतो, तो मजूर की स्वतंत्र ठेकेदार असा. पण त्याने सोबत आणलेले मजूर कायद्यात बसतात. आणि मोठ्या बिल्डरने काम खालच्या गुत्तेदाराला दिलं असेल तर मजुराचा वारस थेट बिल्डरकडे भरपाई मागू शकतो. बिल्डरने ती नंतर गुत्तेदाराकडून वसूल करावी.

दारूचं अर्धवट वाक्य सगळ्यात जास्त घरं फसवतं. नशेमुळे अपघात झाला तर भरपाई नाकारता येते, हे खरं. पण मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. हेल्मेट घातलं नाही, पट्टा लावला नाही, सांगितलेलं ऐकलं नाही, या सबबींनाही हेच लागू. कोवळ्या पोराचा बाप गेलेला असतो आणि गावात चर्चा चालते तो प्यायला होता का याची.

आता बाँड. 1923 च्या कायद्याचं कलम 17 सांगत होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. मृत्यूच्या बाबतीत तर नियम आणखी कडक: भरपाईची रक्कम भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, तीन महिन्यांच्या वेतनाएवढी आगाऊ रक्कम सोडली तर वारसाच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. संहितेतही पैसे असेच सक्षम अधिकाऱ्याकडे भरायचे आहेत. म्हणजे त्या दिवशी आमच्या ओसरीत मोजलेल्या 70 हजारांनी गुत्तेदाराची देणी फिटली नव्हती.

देणी किती होती? मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही असलं तरी 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला ते 15,000 पर्यंतच धरतात. भावाला रोज 600 मिळायचे, महिन्याचे 26 रोज धरले तरी 15,000 च्या वर जातात. निम्मे 7,500. वय 31 चा गुणक 205.95. गुणाकार 15,44,625 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड.

पंधरा लाख ऐकून छोट्या गुत्तेदाराच्या पोटात गोळा येतो, हे मी समजू शकतो. त्यातले बरेच जण कालपरवापर्यंत स्वतः घमेली उचलत होते. म्हणूनच त्यांना सांगतो, हा मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा कर्मचारी भरपाईची विमा पॉलिसी काढा. काम घेतानाच तो खर्च भावात धरा.

मंडळाचे 5 लाख हा वेगळा पैसा आहे. तो बांधकाम उपकरातून येतो आणि नोंदणी केलेल्या कामगाराच्या वारसांना मिळतो. तो मिळाला म्हणून मालकाची देणी संपत नाहीत. माझ्या भावाची नोंदणीच नव्हती, त्यामुळे आम्हाला तोही मिळाला नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत हवी. आपली माणसं पुण्या-मुंबईच्या साइटवर जातात. तिथे अपघात झाला तरी वारसांना आपण राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे, सबळ कारण असेल तर उशीरही माफ होतो.

आम्ही अर्ज दीड वर्षाने केला. मस्टर नव्हतं, नेमणुकीचा कागद नव्हता. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल होता. कामावर होता हे कशावरून, असा प्रश्न आला तेव्हा वहिनीने ट्रंकेतून त्याची खिशातली डायरी काढली. सिमेंटने कडक झालेली पानं, प्रत्येक तारखेपुढे त्याच्या हातचं एक रोज, दीड रोज, शनिवारी घेतलेली उचल आणि पुढे गुत्तेदाराची आद्याक्षरं. शेवटच्या तारखेपुढे 'स्लॅब' एवढंच लिहिलंय, रोजाचा आकडा नाही.