घाबरू नका, गोळी मिळणार नाही

परदेशात राहायला निघालात आणि घबराटीसाठी रोजची क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम चालू आहे? अभिनंदन! आता चिंता करायला खरंखुरं कारण मिळालं.

सर्वप्रथम सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून फोडून सोमवार-मंगळवार छापलेल्या त्या गोंडस डबीत भरा. नाव, मात्रा, कशाचाही पत्ता लागता कामा नये. पांढऱ्या बिनचेहऱ्याच्या गोळ्या दिसल्या की कस्टमवाल्यांनाही जरा विरंगुळा होतो.

डॉक्टरांची चिठ्ठी ब्रँडच्याच नावाने घ्या. जेनेरिक नाव, मिलिग्रॅम, दिवसाला किती, कोणत्या आजारासाठी, पासपोर्टवर आहे तस्संच रुग्णाचं नाव, असल्या किरकोळ गोष्टींत कुठे पडता? आणि शक्यतो क्लोनाझेपाम आणि एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरचं दुसरं औषध) एकत्र असलेली जोडगोळी न्या. तिथल्या डॉक्टरला ती माहीत नसली, की दोघांची ओळख करून देण्यातच पहिली अपॉइंटमेंट संपते.

एटिझोलाम, म्हणजे याच जातीतली आणखी एक गोळी, असेल तर बेधडक न्या. अमेरिकेने २०२३ मध्ये ते हेरॉइनच्या पंगतीला, शेड्यूल १ मध्ये बसवलंय, पण एवढं कोण वाचतो!

युरोपातल्या शेंगेन गटातल्या एका देशात राहता आणि गोळ्या घेऊन दुसऱ्यात चार दिवस जायचंय? त्यासाठी एक दाखला लागतो: डॉक्टरची सही, वर सरकारी शिक्का, प्रत्येक औषधाला वेगळा कागद, मुदत फार तर ३० दिवस. विमानाच्या आदल्या रात्री आठवला म्हणजे झालं.

अमिरातीत आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आपल्याला तर तिथे नुसतं विमान बदलायचंय, म्हणून सोडून द्या. पुढचं विमान चुकलं आणि हॉटेलवर जायची वेळ आली, की गोळ्यांसकट इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहा.

संपल्याच तर घरून कुरियरने मागवा. कस्टमकडून पत्र येतं, तेवढाच पत्रव्यवहार.

नव्या डॉक्टरची वेळ मात्र डबीत नऊ गोळ्या उरल्यावरच घ्या. मग ऐका: 'कंट्रोल्ड औषधं आम्ही पहिल्या भेटीत लिहीत नाही.' दुसरी भेट? सहा आठवड्यांनी. म्हणजे ४२ दिवस, नऊ गोळ्या. जुनी फाइल पुढे केलीत, मात्रा बिनचूक सांगितलीत, तर आणखी संशय: याला नावं आणि मिलिग्रॅम इतके पाठ कसे? नाही सांगितलीत, तर 'रेकॉर्डच नाही'. रडलात तर व्यसनी, शांत बसलात तर 'तुम्हाला गरज दिसत नाही'. वर ध्यान करण्याचं एक छापील पत्रक. अल्प्राझोलामची शरीरातली मात्रा साधारण ११ तासांत निम्मी होते. नऊ गोळ्या संपल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते आणि मूळची घबराट दुप्पट होऊन परतते. बरीच वर्षं, मोठ्या मात्रेत घेतलेली असेल तर फिटसुद्धा येते. फिट! पत्रक वाचून ती थांबत नाही.

पुरे झाला उपरोध.

डॉक्टरसाहेब, शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गोळ्यांवरचा चौकटीतला इशारा वाढवला. सवय लागते हे त्यात आहे, तसंच एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकतं, हेही आहे. अर्धाच इशारा कसा वाचता? गोळी नको वाटते ना, मग कमी करा. पण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, रुग्णाशी बोलून. आणि पुढच्या भेटीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आज लिहून द्या. हवं तर आठवड्याच्या आठवड्याला द्या, मोजून द्या. पण रिकाम्या हाताने परत पाठवून त्याला 'खबरदारी' म्हणू नका. हा निव्वळ हलगर्जीपणा आहे, आणि रुग्णाची फिट तुमच्या दवाखान्यात येत नाही, म्हणूनच तुम्हाला तो परवडतो.