अल-हजरी कट्टर होताच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप दोन: ख्रिस्ती मताच्या खंडनाचा ग्रंथ लिहिणाऱ्या अहमद अल-हजरी या स्पेनमधल्या मुसलमानाला मी माझ्या लेखात सलोख्याचा दूत बनवलं, आणि ‘इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती’ अशा त्या काळात मी ज्याला दोन्ही बाजूंची ‘मैत्री’ म्हणतोय तो निव्वळ संधिसाधूपणा होता.

सलोख्याचा दावा मी केलेलाच नाही. अल-हजरी कट्टर होता, आणि ते विसरलं तर त्याची गोष्टच कळणार नाही. तो मोरिस्को होता, म्हणजे स्पेनमध्ये नावापुरते ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांपैकी एक; अशांच्या घरात अरबी पुस्तक सापडलं तरी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागे लागायचं. ग्रनाडात सापडलेलं एक चर्मपत्र वाचायची वेळ आली, तेव्हा आपल्याला अरबी येते हे कबूल करतानाच या माणसाची गाळण उडाली होती. आर्चबिशपने उलट ३०० रियाल हातावर ठेवले, कारण ते ख्रिस्ती संतांचं लेखन आहे अशी त्याची श्रद्धा होती! १५९९ मध्ये अल-हजरी मोरोक्कोला निसटला.

१६०९ पासून स्पेनचा राजा तिसऱ्या फेलिपेने सुमारे तीन लाख मोरिस्कोंना हाकललं. त्यांतल्या काहींना फ्रेंच जहाजांच्या कप्तानांनी वाटेतच लुटलं. मोरोक्कोचा सुलतान मुलाय झैदानने १६११ मध्ये अल-हजरीला फ्रान्सला धाडलं ते याची दाद मागायला. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या न्यायालयात ख्रिस्ती कप्तानांविरुद्ध मुसलमानांची फिर्याद. तिथे तो पाद्र्यांशी, न्यायाधीशांशी धर्मावर कडाडून भांडला. आणि त्याच मुक्कामात थॉमस एर्पेनियस या डच अभ्यासकाला अरबीही शिकवली. हा पुढे नेदरलँड्समध्ये लायडनला अरबीचा प्राध्यापक झाला. तुम्ही म्हणता तो ग्रंथ याच वादांतून उभा राहिलाय. समोरासमोर बसून घातलेले वाद आहेत ते, सरहद्दीपलीकडून फेकलेले दगड नाहीत.

आता संधिसाधूपणा. होता की! १६१३ मध्ये हेगला डचांचा सेनापती प्रिन्स मॉरिसने अल-हजरीला विचारलं, की डच, मोरोक्कोचा सुलतान आणि तुर्कांचा बादशहा एक झाले तर स्पेन घेता येईल का? प्रोटेस्टंट सेनापती कॅथलिक राजाविरुद्ध मुसलमानांची मदत चाचपतोय. त्याआधी १६१० चा डच-मोरोक्को तह जुळवण्यात सॅम्युएल पलाचे हा मोरोक्कोतल्या फेज शहराचा ज्यू मध्यस्थ होता. तुमच्या ‘इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती’ या मांडणीत यांना कुठे बसवणार?

मॉरिसचा तो बेत हवेतच राहिला. डचांचा स्पेनशी बारा वर्षांचा युद्धविराम चालू होता. त्यावर सह्या झाल्या ९ एप्रिल १६०९ ला, आणि मोरिस्कोंना हाकलायचा निर्णय फेलिपेने घेतला तोही त्याच दिवशी.