'एक विश्वासी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सलाम, भाऊ.

मागच्या लेखात आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मी तीन ठिकाणी 'रेव्हरंड' (आदरणीय) म्हटलं, ते तुम्हाला झोंबलं. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. बायबलमधल्या मत्तयाच्या २३व्या अध्यायात प्रभूने कोणाला गुरुजी, पिता म्हणू नका असं सांगितलंय. स्पर्जन या इंग्रज धर्मोपदेशकानेसुद्धा 'रेव्हरंड' सोडलं होतं. शिवाय ते विशेषण आहे, नुसत्या आडनावाला लागत नाही. उपाध्या लावून लावून आपण पाळकांना हिशेब विचारणंच बंद केलं. आणि शेवटी हे: "पाळकाच्या पोराला काय कळणार, त्याचं पोट त्याच मानावर भरलं."

विशेषणाचं मान्य. 'रेव्हरंड हिस्लॉप' चूक, 'रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप' (नागपूरचे जुने मिशनरी) बरोबर. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता पोटाचं बोलू.

माझे वडील काटोलकडच्या खेड्यांत पाळक होते. सायकलवर तीन मंडळ्या, म्हणजे तीन गावांतले चर्चचे समुदाय. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, संत्री, एखादी कोंबडी वेदीपाशी आणून ठेवत. उपासना झाली की लिलाव व्हायचा आणि पैसा मंडळीच्या पेटीत जायचा. पाळकाने बोली लावायची नाही, हा वडलांचा स्वतःचाच नियम. आम्ही चार भावंडं पायरीवर बसून ती कोंबडी दुसऱ्याच्या काखेत जाताना पाहायचो. हे ते मानावर भरलेलं पोट. तुम्ही कुठे जेवत होता तेव्हा?

अजून ऐका. माझ्या आजोबांना गावात शेंबडं पोरगंही एकेरी नावाने हाक मारी. का, ते नागपुरात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागू नये. त्याच आजोबांच्या मुलाला लोक 'पाळकसाहेब' म्हणू लागले, आईला 'पाळकीणबाई'. एकदा एका सरकारी कचेरीत वडील दाखल्यासाठी सकाळपासून दाराशी उभे होते, मी सोबत होतो. दुपारी बाबूने अर्जावरची 'रेव्ह.' ही दोन अक्षरं पाहिली, वर बघितलं आणि समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. हो, पायानेच. पण खुर्ची आली. वडील बसले नाहीत, मला बसवलं.

म्हणून उपाधी टाकून द्या असं कोणी सहज म्हणालं की मी आधी विचारतो, तुमच्या घरी ती पहिल्यांदा कधी आली? स्पर्जनची गोष्ट मलाही ठाऊक आहे. लंडनमध्ये पाचसहा हजारांचं प्रार्थनामंदिर भरवणाऱ्याने 'रेव्हरंड' सोडलं, तर त्याचं काय अडलं? काटोलच्या एस्टी स्टँडवर सोडून दाखवा.

मत्तय मलाही वाचता येतो. पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्वतःला त्यांचा बाप म्हणवतो. तुमचं आणि त्याचं काय ते तुम्ही दोघं बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बिशपवाले होते आणि बिशप नसलेलेही. वडील त्या दिवशी गर्दीत मागे उभे होते. त्या पिढीने जे निभावून नेलं, त्यावर आज मोबाइलवर अंगठा आपटून निकाल लावायचा?

हिशेबाचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे. वार्षिक सभेत हात वर करा, कोणी धरून ठेवलेला नाही. (मी केला होता का, असं विचाराल. नव्हता केला. त्या वर्षी मी पुण्यात होतो.)

आणि एक. दुसऱ्यांच्या उपाध्या काढायला निघालात आणि स्वतः 'एक विश्वासी' म्हणून सही करता, ही कोणती पदवी? मंडळीतले बाकीचे अविश्वासी का? रविवारी नागपुरातल्या सदर भागात उपासनेनंतर मी फाटकापाशी असतो. नाव सांगा, म्हणजे भाऊ म्हणायचं की साहेब, ते ठरवता येईल.