‘नुसता ब्रेक’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, पाहण्याचं काम करणाऱ्या भागातल्या) निरोधक, म्हणजे इतर पेशींचा जोर कमी करणाऱ्या, पेशींवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘निरोधन म्हणजे नुसता ब्रेक. ब्रेक काढा, सिग्नल वाढतो. एवढ्यासाठी इतकं दळण? वाचीव ज्ञान दिसतंय.’ मतभेद खुशाल असावेत, पण ‘वाचीव’ हा शब्द लागला. पंधरा वर्षं पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक नळीनं एकेका पेशीतली वीज मोजण्याचं काम, करते आहे. दुसऱ्याची लायकी काढण्याआधी लेख शेवटपर्यंत तरी वाचायचा.

एक चूक मान्य. पार्वाल्ब्युमिन पेशी (हे प्रथिन असलेल्या निरोधक पेशी) म्हणजे बास्केट पेशी, असं मी सरसकट लिहिलं. चँडेलियर या दुसऱ्या प्रकारच्या निरोधक पेशींतही हे प्रथिन सापडतं. दुरुस्ती केली आहे.

आता ब्रेक. समजा, एखादी पेशी उभ्या रेषेला सेकंदाला 20 स्पाइक (विजेचे झटके) देते, आडवीला 4. निरोधनानं दोन्हींना 2 नं भागलं, तर 10 आणि 2. जोर उतरला, पण उभी अजून आडवीच्या पाचपटच. दोन्हींतून 4 वजा केले, तर 16 आणि 0. आडवी रेष त्या पेशीपुरती पुसलीच गेली! दोन्हीकडे निरोधनच आहे, मग ‘नुसता ब्रेक’ म्हणून यातलं काय कळलं?

उंदरांवर एमआयटीतल्या मृगांक सूर यांच्या गटानं 2012 मध्ये हेच मोजलं: पार्वाल्ब्युमिन पेशी भागतात, सोमॅटोस्टॅटिन पेशी (हे वेगळं रसायन असलेल्या निरोधक पेशी) वजा करतात. त्याच वर्षी बर्कलीत यांग डान यांच्या गटाला मात्र पार्वाल्ब्युमिन पेशी प्रकाशानं चेतवल्यावर कोनाची निवड (ठरावीक कोनातल्या रेषेलाच जास्त प्रतिसाद देणं) धारदार झालेली दिसली. 2014 मध्ये यावर जाहीर वाद झाला. प्रकाश किती वेळ आणि किती जोरानं द्यायचा, यावर तो बराचसा अडला होता.

आणि ब्रेक काढायचा तो कुठून? संशोधक सिलिटो यांनी 1975 मध्ये मांजराच्या कॉर्टेक्समध्ये बायक्युक्युलिन हे निरोधन रोखणारं औषध सोडलं, तेव्हा कोनाची निवड ढिली पडली. 1994 मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी एकाच पेशीत, आतून निरोधन रोखलं, तर निवड टिकली. बाहेरून सोडलेलं औषध शेजारच्या पेशींपर्यंत झिरपतं, त्या मोकाट सुटतात आणि त्यांची उत्तेजना आपण मोजत असलेल्या पेशीवर येऊन आदळते. आतून रोखलं तर शेजार जागच्या जागी राहतो.

उरलेला मजकूर माझ्या भाषेबद्दल आहे, तो सोडून देते. बायक्युक्युलिन कितपत पसरतं, पिपेट कुठे टेकवायचं, असलं काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. सविस्तर सांगेन.