अकरा मिनिटं आणि एक मासा

मंगळवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत मी, एक आजोबा आणि एक शाळकरी मुलगा. मुलाच्या हातात पाण्याची पिशवी, तिच्यात एकुलता एक केशरी मासा. पहिली दोन मिनिटं मी नेहमीसारखा वैतागलो. मग डोक्यात आलं, अरे, आज रात्री वहीत लिहायला हे आहे की! चिडचिड कुठल्या कुठे पळाली आणि मी चक्क बघायला लागलो. आजोबांचा हात थरथरत होता, पण पोराला कळू नये म्हणून ते माशाची चौकशी करत होते. "नाव काय ठेवलंस रे याचं?" पोरगं म्हणालं, "आधी जगू दे, मग ठेवतो."

अकराव्या मिनिटाला दार उघडलं. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं.

सहा वर्षं झाली, रोज रात्री पाच-सहा ओळी खरडतो. मित्र म्हणतात, तुझ्याच बाबतीत बरं असं काहीतरी घडतं! काही घडत नाही हो. लिफ्ट सगळ्यांचीच अडकते. रात्री लिहायचंय म्हणून माझे कान दिवसभर टवकारलेले असतात, एवढंच.

"लिहिण्यासारखं काही घडतच नाही" हे तर मला अजिबात पटत नाही. लंडनच्या १६६६ च्या भीषण आगीबद्दल सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने रोजनिशीत भरपूर लिहून ठेवलंय. त्यातलं माझ्या लक्षात काय राहिलं? तर आगीतून वाचावं म्हणून या गृहस्थाने आपलं पार्मेजान चीज जमिनीत पुरलं, ते!

२०१४ साली हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. विद्यार्थ्यांना नुकत्याच झालेल्या गप्पा, ऐकलेली गाणी असलं साधंसुधं लिहून ठेवायला सांगितलं. तीन महिन्यांनी ते वाचताना त्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मजा आली. मला नवल वाटलं नाही. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत मात्र "आज खूप काम. कंटाळा." एवढंच आहे. ते वाचून काय डोंबल आठवणार? तेव्हापासून कुणाचं तरी एक वाक्य जसंच्या तसं टिपायचंच, असं ठरवलंय. (रोज आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहून कृतज्ञतेच्या वह्या भरणाऱ्यांनी माफ करा, मला ते जमलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतला निबंध वाटायला लागला.)

एक धोका आहे. मध्यंतरी मी प्रसंगांना फोडणी द्यायला लागलो होतो. कुणी साधं "बरं" म्हटलं की वहीत त्याचं खमंग उत्तर व्हायचं. आता ती पानं उघडली की खरं काय घडलं ते माझं मलाच कळत नाही. ते दोन महिने हातचे गेले.

माशाचं म्हणाल, तर पोराला परवा जिन्यात गाठलं. मासा जगलाय. नाव ठेवलंय, पण मला सांगायला तयार नाही.